नदीपलीकडची तटबंदी आणि बापू

वहिनींचा फोन आला तेव्हा मी सांगवीतल्या घरी दाढी करत होतो. फोनवर नाव बापूचं होतं. गुरुवार, सकाळचे आठ... म्हणजे 'निघालास का' हा नेहमीचा तगादा असणार. मी गालावरचा फेस सांभाळत फोन कानाला लावला आणि पलीकडचं काही ऐकून न घेता ओरडलो, "मी येईपर्यंत एकही रणगाडा हलवायचा नाही, सांगून ठेवतो!"  पलीकडून बापूच्या बायकोचा, सुमनवहिनींचा आवाज आला, "भाऊजी, हे गेले. चहा पिऊन आडवे झाले, ते उठलेच नाहीत." आयुष्यात मी पुष्कळ ठिकाणी तोंडघशी पडलोय. पण नवरा गेल्याचं सांगायला फोन करणाऱ्या बाईला आधी रणगाड्यांचे हुकूम ऐकवणारा माणूस मी एकटाच असेन. या गोष्टीला आता सात आठवडे झाले. दहाव्याला वहिनींनीच तो विषय काढला आणि रडता रडता हसल्या, म्हणून हे लिहायचा धीर झाला.

बापू आमच्या चाकणच्या कंपनीत टूलरूमला फिटर होता. मूळचा उदगीरकडचा, काळेवाडीत तीस वर्षं काढली तरी बोलणं तिकडचंच राहिलं. गाड्यांचे पत्र्याचे भाग ज्या पोलादी साच्यांत दाबून काढतात, ते साचे बसवणं हे त्याचं काम. साच्याचा वरचा भाग आणि खालचा भाग एकमेकांवर नीट टेकले पाहिजेत. त्यासाठी एका भागावर निळा रंग अगदी पातळ फासायचा, प्रेस हळूच खाली आणायचा, पुन्हा उचलायचा. समोरच्या भागावर जिथं रंग उमटला तिथं साचा टेकतो, जिथं उमटला नाही तिथं फट. टेकतो तिथं थोडं घासायचं, पुन्हा रंग, पुन्हा प्रेस. याला आमच्याकडे ब्लू मारणं म्हणतात. बापू एकेका साच्याला दोन-दोन दिवस ब्लू मारत बसायचा आणि मी, प्रॉडक्शनचा सुपरवायझर, घड्याळ बघत त्याच्या डोक्यावर उभा राहायचो. एकदा माल पाठवायची घाई होती. बापू जेवायला गेलेला बघून मी साचा तसाच प्रेसवर चढवला. अकराव्या दाबाला तडा गेला. मॅनेजरसमोर मी चेहरा पाडून म्हणालो, "साचा फुटला, सर." बापू हात पुसत शांतपणे म्हणाला, "फुटला न्हाई सर, ह्यांनी फोडला."

आठवडाभर मी त्याच्याशी बोललो नाही. मग एके दिवशी कंपनीच्या बसमध्ये तोच शेजारी येऊन बसला. "सुपरवायझर, तुमाला फोडायची लई हौस हाय ना? गुरुवारी सुट्टीला घरी या. फोडायला एक चीज दावतो." मी गेलो. महिनाभरात 'तुमी'चं 'तू' झालं आणि पुढची बारा वर्षं आमचे गुरुवार काळेवाडीच्या त्या पुढच्या खोलीत गेले.

चीज म्हणजे कॉम्प्युटरवरचा एक युद्धाचा खेळ. बापूची मुलगी नोकरीला बंगळुरूला गेली तेव्हा तिचा कॉम्प्युटर मागं राहिला, त्यात तो होता. बंदुकीनं धडाधड माणसं मारायची, असला प्रकार नाही. वरून दिसणारा नकाशा, त्यावर षटकोनी घरं, आणि आपली पायदळं, तोफा, रणगाडे एकेका चालीत एकेक घर पुढं न्यायची. एकूण मोहिमा वीस. एकोणीस आम्ही पहिल्या काही वर्षांतच जिंकल्या. विसावी मात्र... मध्ये नदी, पलीकडे काँक्रीटच्या कोठ्या, त्यांत तोफा, पुढं काटेरी तार, तारेपुढं सुरुंग. पंधरा चालींत ती फळी भेदून मागचं गाव घ्यायचं. आणि बापूनं खेळ लावला होता सगळ्यात अवघड पातळीवर. "सोपं करून जिंकायचं आसंल तर मग तुझ्या वहिनीसंगं सापशिडी खेळ," म्हणायचा.

या विसाव्या मोहिमेतली माझी पहिली कामगिरी सांगितलीच पाहिजे. बापू चहा आणायला आत गेला होता. मला त्याची सावकाशी सोसवेना. मी सगळे रणगाडे एकामागं एक पुलावर घातले, कन्व्हेअरवर माल लावावा तसे. पहिला पलीकडे पोचला आणि शत्रूनं पूल उडवला. बापू दोन कप घेऊन बाहेर आला, पडद्याकडे बघितलं, माझा कप माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "रणगाडे धुवायला घातलास व्हय?"

त्याची पद्धत वेगळीच होती. तो एक छोटी तुकडी नदीकाठच्या एका घरात न्यायचा. कोणती तोफ तिच्यावर उडते ते बघायचा, तुकडी मागं घ्यायचा, आणि चौकटीच्या वहीत निळ्या पेन्सिलीनं तेवढं घर रंगवायचा. मग शेजारचं घर. मग त्याच्या शेजारचं. टूलरूममध्ये जे करायचा तेच. मी कपाळ बडवून घ्यायचो. "अरे, पंधरातल्या सात चाली तू नुसत्या रंगवण्यात घालवल्यास!" तो वर न बघता म्हणायचा, "तोफ कुठवर पोचती ते तिच्याच तोंडून ऐकायलोय. तुला घाई आसंल तर तू बस धरून घरी जा." दोन कोठ्यांच्या मध्ये एखादं तरी घर असं असणार, की तिथं कुणाचीच तोफ पोचत नाही, असं त्याचं म्हणणं होतं. दर वेळी त्याला ते घर कुठंतरी सापडायचंही. पण तोवर चाली संपत आलेल्या असायच्या, किंवा उरलेल्या चालींत मी काहीतरी उद्योग करून ठेवायचो. आम्ही हरायचो. पुन्हा मांडायचो. पुन्हा मांडलं की शत्रूच्या कोठ्यांच्या जागा बदललेल्या असायच्या, त्यामुळं जुनी पानं उपयोगाची नसत.

चार वर्षांपूर्वी बापूच्या किडन्या बसल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. दवाखान्यानं त्याला मंगळवार, गुरुवार, शनिवार दिला, तर हा तिथल्या माणसाशी भांडला. "गुरुवारी जमत न्हाई, माजी ड्युटी आसती." भांडून त्यानं गुरुवार मोकळा करून घेतला. कंपनीनं स्टोअरमध्ये बसून करायचं हलकं काम देऊ केलं. ते नाकारून तो घरी बसला. डाव्या हातावर जोर द्यायचा नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, म्हणून तो हात उशीवर ठेवायचा आणि उजव्या हातानं माउस चालवायचा. गेल्या उन्हाळ्यात तो फार थकला. चार चाली झाल्या की डोळे मिटून मागं टेकायचा. मला वाटायला लागलं, या माणसाच्या हयातीत ती फळी फुटली पाहिजे. आणि मला काही वाटायला लागलं की काय होतं, ते तुम्ही साच्याच्या वेळी बघितलंच.

एका गुरुवारी तो तोंड धुवायला गेला तेव्हा मी हळूच पातळी उतरवून अगदी सोपी केली आणि शहाण्या माणसासारखा चेहरा करून बसलो. त्या दिवशी अकराव्या चालीला फळी फुटली. सुरुंग निघाले, तार तुटली, रणगाडे आत घुसले, गाव आलं. मी उठून नाचलो अक्षरशः. वहिनी आतून बघायला आल्या. बापू मात्र वहीकडे बघत बसलेला.

"तीन नंबरची तोफ का उडाली न्हाई?" त्यानं विचारलं.

"संपला असेल दारूगोळा."

"मागच्या चार घरांवरबी न्हाई उडाली. हिथं रंगच लागंना झालाय राव." मग त्यानं माउस फिरवून ते पान उघडलं, जिथं पातळी लिहिलेली असते. माउस बाजूला सारला. मग म्हणाला, "समदे मला पातळ करून द्यायलेत. वरण पातळ, मीठ बंद, पाणी मापून. एवढं एक घट्ट ऱ्हायलं हुतं... तेबी तू पातळ केलास."

मी काहीतरी सारवासारव करायला लागलो. तो म्हणाला, "घरी जा."

दोन गुरुवार फोन आला नाही. मी केला तर उचलला नाही. बायको म्हणाली, तुम्ही मैत्रीत पण टार्गेटच गाठायला गेलात. तिचं खरं होतं. आजारी माणसाला जिंकू द्यावं हे मला दयेचं वाटत होतं. पण ती दया करताना मी त्याला मनातून आधीच हरलेला धरलं होतं. हे त्याला कळलं, आणि ते त्याला सहन होईना. तिसऱ्या गुरुवारी सकाळी आठला फोन वाजला. "नव्यानं मांडलंय. येतास का?" मी सॉरी म्हणायला तोंड उघडलं तर म्हणाला, "ते ऱ्हाऊ दे. वही तू धरायची. आता रंग तू लावायचा."

तेव्हापासून ब्लू मी मारला. घर चुकीचं रंगवलं की तो उशीवरचा हात न हलवता म्हणायचा, "ती तोफ त्या घराची न्हाई, शेजारच्या घराची हाय. डोळे कंपनीत ठेवून आलास का?" अशाच एका डावात, आठव्या चालीअखेर, नदीच्या वळणावर, दोन कोठ्यांच्या मध्ये एक पांढरं घर उरलं. मी तीनदा तपासलं. बापू पुढं झुकून बघत राहिला. "हितनं," एवढंच म्हणाला. त्याला दम लागला होता, म्हणून खेळ तिथंच साठवून ठेवला. पुढच्या गुरुवारी फोडायचं ठरलं. तो पुढचा गुरुवार म्हणजे सुरुवातीला सांगितलेला.

गेल्या आठवड्यात वहिनी फोनवर म्हणाल्या, कॉम्प्युटर झाकून ठेवतेय, तुमचं काही राहिलंय का त्यात? मी म्हणालो, सात चाली राहिल्यात. म्हणाल्या, मग या.

खोलीत बापूचा फोटो भिंतीवर गेला होता, बाकी सगळं जागच्या जागी. मी खेळ उघडला. वहिनी कोथिंबीर निवडत जवळच बसल्या. पांढरं घर समोर होतं. सुरुंग काढणारी तुकडी तिथं घालायची, मागून रणगाडे, सरळ काम. पण जन्मभर घाई करून वाटोळं करणारा मी, त्या दिवशी भीतीनं एक तुकडी पुन्हा शेजारच्या घरात पाठवून बघितली. तोफ उडाली, वहीत होतं तसंच. पुढच्या चालीत दुसऱ्या बाजूनं बघितलं. तसंच. दोन चाली मी बापूनं पक्कं केलेलं पुन्हा पक्कं करण्यात घालवल्या. मग सुरुंग निघाले, तार तुटली, पायदळ आत गेलं, एकही माणूस न पडता. बापूची जागा बरोबर होती. पंधरावी चाल संपली तेव्हा माझा पहिला रणगाडा गावापासून दोन घरं अलीकडे उभा होता.

हरलात, असं पडद्यावर आलं. त्याखाली एक चौकट.

"काय म्हणायलंय ते?" वहिनींनी विचारलं.

"पातळी सोपी करून देऊ का, असं विचारतंय."

वहिनींनी कोथिंबिरीच्या काड्या एका बाजूला केल्या. "त्याला काय कळतंय," त्या म्हणाल्या. "नाही म्हणा आणि पहिल्यापासून मांडा."

मी नाही म्हटलं. नवा नकाशा आला, कोठ्या नव्या जागी, सगळी घरं पांढरी. मी एक छोटी तुकडी नदीकाठच्या पहिल्या घरात नेली. पलीकडून तोफ धडाडली. वहिनी दचकल्या, मग खुर्ची ओढून पडद्याच्या जवळ आल्या.

"लागली का?"

"लागली."

"मग रंगवा ना, बघत काय बसलात?"