पाखरासाठी लावलेली समई

मी देवाशी बोलणं सोडलं होतं. रागानं सोडलं होतं, हे आधीच सांगतो, म्हणजे वाचणाऱ्याला मी कुणी मोठा भाविक वाटायला नको. आमच्या घरात देवाचं बघायची ती माझी बायको. दर सोमवारी ती सिद्धेश्वराच्या देवळात जायची, आणि मी बाहेर चपला राखत तळ्याकडं बघत बसायचो. ती गेली. तेराव्याची माणसं पांगली आणि मी देव्हाऱ्याचं दार ओढून घेतलं. म्हणलं, तुला जे करायचं होतं ते केलंस, आता माझ्याकडनं काही मागू नको. सात महिने घरात दिवा लागला नाही. समईवर कोळ्यानं जाळं केलं. दार जरा उघडं राहिलं की ते दिसायचं. मी बघायचो आणि तसंच ठेवायचो.

माझं शिक्षण चौथी. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत अडतीस वर्षं टॉवेलाच्या मागावर काढली. त्याच्या आधी सुताला लावायची खळ शिजवायच्या कामाला होतो. लिहायची सवय कधी लागलीच नाही. पण लेक नातेपुत्याला दिलीय, ती फोनवर म्हणाली, "आप्पा, ज्याला त्याला तोंडी सांगत बसताय, त्यापरीस एकदा लिहून काढा की." म्हणून वही घेतली.

एक गोष्ट मात्र मी लेकीलाही तोंडी सांगितली नव्हती. ती लिहिल्याशिवाय बाकीच्याला काही अर्थ नाही. शेवटच्या दिवसांत बायकोचं जेवण तुटलं होतं. मी ज्वारीच्या कण्या शिजवायचो, मऊ करायचो आणि चमच्यानं भरवायला बसायचो. "खा की गं," म्हणायचो. ती तोंड फिरवायची. एका संध्याकाळी मला राहवलं नाही. मी तिच्या ओठात चमचा दाबला, तर कण्या हनुवटीवरनं खाली ओघळल्या. मी वाटी मोरीत फेकली आणि म्हणालो, "खायचं नसंल तर मर उपाशी." तिनं पदरानं हनुवटी पुसली. मग म्हणाली, "माझं ऱ्हाऊ द्या. पाखरांना दाणे घातले का?" मी उत्तर न देता बाहेर निघून गेलो. पहाटे तिला धाप लागली, दवाखान्यात नेलं, पण त्यानंतर ती बोलली नाही. म्हणजे तिनं मला शेवटचं विचारलं ते पाखरांचं, आणि मी तिला शेवटचं बोललो ते असलं.

पाखरं म्हणजे गड्ड्याच्या जत्रेतून तिनं आणलेली जोडी, एक हिरवं आणि एक निळं. आमच्याकडं सगळे त्यांना लव्हबर्डच म्हणतात. बजी हे त्यांचं खरं नाव मला फार उशिरा कळलं. ती गेल्यावर त्यांची किलबिल मला सोसेना. मी राळ्याचे दाणे टाकायचो, पाणी बदलायचो, पण पिंजऱ्यात डोकावून बघत नव्हतो. एक दिवस सकाळी सायकलवर पिंजरे लावून फिरणारा पाखरंवाला गल्लीत आला. मी त्याला म्हणलं, घेऊन जा, मला काही नको. त्यानं जोडी घेतली, पिंजराही घेतला. आत घरट्यासाठी टांगलेलं मडकं होतं, ते काढून माझ्या हातात दिलं. म्हणाला, "ह्याला जागा न्हाई, काका." मी ते मडकं खाटंखाली सरकवलं. डोक्यावरचं ओझं उतरलं असंच वाटलं.

दुपारी भाकरी खाऊन आडवा झालो तर खाटंखालनं बारीक आवाज यायला लागला. बिजागरी कुरकुरावी तसा. मडकं उजेडात धरलं. आत गार पडलेली दोन अंडी होती, आणि एक पिल्लू. अंगावर धड पिसं नाहीत, नुसते काटे. डोळे उघडलेले. चिंचोक्याएवढं डोकं, आणि ते माझ्याकडं वर करून ओरडत होतं. मी चपला घालून रस्त्यापर्यंत पळालो. पाखरंवाला केव्हाच निघून गेलेला. तो कुठला, नाव काय, मी काही विचारलं नव्हतं. बायकोच्या पाखरांचं पिल्लू मी आईबापांपासून तोडून खाटंखाली सारलं होतं. त्या मडक्याकडं बघितलं. म्हणलं, हेही माझ्या हातनं मरणार.

पिल्लू रुमालात घेऊन रिक्षानं सात रस्ता चौकात गेलो. तिथं एका दुकानात पाखरांचं खाणं मिळतं. दुकानदारानं पिलांना भरवायच्या पिठाचा पुडा दिला आणि रुमालात बघून म्हणाला, "हे जगत नसतंय, काका. उगं ताप करून घेऊ नका." माझ्या मागं बुरख्यातली एक बाई उभी होती. हातात जेवणाचा डबा. ती पुढं आली, माझ्या ओंजळीत वाकून बघितलं आणि म्हणाली, "ऐसा नक्को बोलो भाई. चाचा, मेरे दादा कबूतरां पालते थे. जीता ये." तिनं पिलाच्या गळ्याखालची पिशवी बोटानं दाखवली. "ये पोटा है. ये खाली हुए बगैर दूसरा खाना नक्को दो. गरम नक्को, कोमट." मग तिनं डब्याच्या पिशवीतनं स्टीलचा छोटा चमचा काढला. दुकानदाराकडनं पकड मागून घेतली, चमच्याच्या दोन्ही कडा आत वाकवल्या. चोचीत बसंल असा पन्हळ तयार झाला. तो माझ्या हातात ठेवला.

मी म्हणलं, "अगं बाई, हा तुझ्या डब्यातला चमचा."

"दवाखाने में अम्मी है. उसके लिए था. वो बी खाती कहाँ, मुंडी फिरा लेती," ती म्हणाली. "जबरदस्ती नक्को करना, चाचा. उसको मांगने दो."

ती एवढं बोलली आणि निघून गेली. मी चमचा धरून तसाच उभा राहिलो. मोरीत फेकलेल्या वाटीचं ह्या बाईला कुणी सांगितलं, असं माझ्या मनात आलं. तिला कुणीच सांगितलं नव्हतं, हे मलाही कळत होतं.

घरी येऊन खाणं कालवलं. ते एक काम मला येत होतं. खळ घट्ट झाली तर सूत कडक होऊन तुटतं, पातळ झाली तर धरत नाही. तो हात अजून होता. पत्र्याच्या डब्यात पिल्लू ठेवलं, वर बल्ब टांगला, खाली आमच्याच कारखान्यातला नवा टॉवेल घातला. पहिल्या दिवशी पिलानं थोडं थोडं घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला भूक दिसेना आणि मला घाई झाली. मी चोच उघडून चमचा रिता केला. ते खोकलं, नाकातनं खाणं बाहेर आलं, आणि त्यानंतर त्यानं चोच मिटली ती मिटलीच. चमचा जवळ नेला की तोंड फिरवायचं. अगदी तसंच. मी चमचा खाली ठेवला. त्या बाईनं एकच गोष्ट करू नको म्हणून सांगितली होती, आणि दुसऱ्याच दिवशी मी तीच केली होती.

तेवढ्यात दिसलं, पिल्लू एका पायानं ओढल्यासारखं करतंय. टॉवेलावर बारीक फासे असतात, त्यातल्या एकात त्याची नखी अडकली होती आणि धडपडून धडपडून सूत पायाला गुंडाळलं गेलं होतं. पाय निळा पडत होता. अडतीस वर्षं मी तेच फासे विणले, एक फासा निसटला तरी माग थांबवायचो, आणि पिलाला त्याच फाशांवर नेऊन ठेवलं. शेजारच्या लक्ष्मीअक्काला हाक मारली. ती तेलुगू, घरी विड्या वळते, बोटं माझ्यापेक्षा हलकी. ती पिल्लू धरून बसली आणि मी नखं कापायच्या कात्रीनं एकेक पदर तोडला. नजरेला दिसत नव्हतं, चाचपून तोडला. रक्त नाही आलं.

अक्का म्हणाली, "मामा, टॉवेल विकायला चांगला. ह्याला मऊ पातळ पायजे. मावशीचं एखादं काढा की."

बायकोची पेटी मी सात महिने उघडली नव्हती. उघडली. धुऊन धुऊन विरलेलं एक लुगडं वरच होतं, त्याचा तुकडा फाडला. टॉवेल काढून तो डब्यात अंथरला.

तिसऱ्या दिवशी आभाळ आलं. सोलापुरात थंडी असून असून किती असणार, पण त्या दिवशी पावसाची झड आणि वारा, दाराच्या फटीतनं गार झोत येत होता. दुपारी तीनला लाईट गेली. बल्ब विझला. पिल्लू कालपासून जवळजवळ उपाशी, चोचीच्या कडेला लावलेला थेंब चाटला असंल तेवढाच. हात लावला तर अंग गार. बाटलीत गरम पाणी भरून डब्यात ठेवलं, अर्ध्या तासात तीही गार पडली. घरभर बघितलं. वारा लागत नाही अशी घरात एकच जागा होती, आणि ती म्हणजे देव्हारा. आमचा देव्हारा भिंतीतल्या कोनाड्यात आहे, त्याला लाकडी दार.

मी बराच वेळ त्या दारासमोर उभा होतो. मग दार उघडलं. जाळं पुसलं. तेलाची बाटली होती तिथंच होती. शेजारी पावडरीच्या रिकाम्या डब्यात तिनं वळून ठेवलेल्या वाती. आजारी पडायच्या आधी वळल्या असतील, डबा गच्च भरलेला. समईत पाच वाती घातल्या आणि पाची लावल्या. खालच्या फळीवर पिलाचा डबा ठेवला, दार अर्धं लोटलं. थोड्या वेळानं कोनाड्यात हात घातला तर आत ऊब धरली होती. सिद्धेश्वराची तसबीर समोर होती. मी त्याला स्पष्ट सांगितलं. "हे तुझ्यासाठी नाही. पाखरासाठी लावलंय. माझं तुझ्याशी काही बोलणं नाही." पण सांगितलं म्हणजे बोललोच की. आणि बोलायला लागल्यावर मला थांबता येईना. वाटी फेकलेली सांगितली. तिला काय म्हणालो ते सांगितलं. शेवटी म्हणलं, "मला भरवता येत नाही. तिलाही आलं नाही, ह्यालाही येत नाही. मी थकलो. आता तुझं तू बघ."

लक्ष्मीअक्का मेणबत्ती मागायला आली होती. उजेड बघून ती उंबऱ्यातच थांबली आणि तिनं हात जोडले.

"हात जोडू नको," मी म्हणलं. "देवासाठी न्हाई, पाखरासाठी लावलाय."

"असू द्या की मामा. हात माझे हायत," अक्का म्हणाली. "आणि त्यो काय इचारतोय का, कुणासाठी लावला म्हणून?"

ती मेणबत्ती न नेताच गेली. मी खाणं पुन्हा कोमट केलं, चमच्यात घेतलं आणि डब्याच्या कडेला नुसता धरून बसलो. चोचीला लावला नाही. हात दुखला की हात बदलायचो. गार झालं की पुन्हा कोमट करून आणायचो. असं तीन वेळा झालं. चौथ्या वेळी, दिवेलागणीच्या सुमाराला, पिलानं मान वर केली. डोकं डुलवायला लागलं आणि बिजागरीचा तो आवाज काढला. मग आपणहून चमच्याकडं आलं आणि चोच उघडली. मी चमचा तसूभरही पुढं नेला नाही. त्यानं घेतलं. परत मागितलं. परत घेतलं. गळ्याखालचा पोटा वाटाण्यासारखा टरारला. माझ्या डोळ्यांतलं पाणी खाण्याच्या वाटीत पडंल म्हणून मी वाटी लांब धरली.

लाईट नंतर आली. बल्ब लागला, तरी समई मी विझवली नाही.

ह्यात चमत्कार कुठला, असं कुणी म्हणंल. म्हणू दे. वारा लागला नाही, ऊब मिळाली, पिल्लू सावरलं, भूक लागली, एवढंच झालं. मीही भांडणार नाही. पुढं दोनदा सात रस्त्याला जाऊन त्या बाईची चौकशी केली. तिचा चमचा तिला परत द्यायचा होता, आणि तिच्या अम्मीनं खाल्लं का ते विचारायचं होतं. दुकानदाराला ती आठवत नव्हती. आता दर सोमवारी मी देवळात जातो, चपला बाहेर काढून आत जातो, आणि त्या अम्मीचं नाव ठाऊक नसताना तिच्यासाठीही हात जोडतो.

मला जे कळलं ते एवढंच. सात महिने मी तोंड फिरवून बसलो होतो. देवानं माझ्या तोंडात काही ओतलं नाही, आणि मला टाकूनही दिलं नाही. माझ्यासमोर तो चमचा धरून बसला होता, गार झालं की पुन्हा कोमट करत. मी मागायचा तेवढा उशीर होता. बायकोशी मी असं वागायला हवं होतं. ते आता होणार नाही, आणि त्याचं दुःख जाणारही नाही. पण त्या दुःखासकट मला जवळ घेणारं कुणीतरी आहे, ह्याची मला आता शंका राहिली नाही.

पिल्लू मोठं झालं. निळं निघालं, पोटाशी जरा हिरवं. त्या पायाचं एक बोट वाकडं राहिलं, पण दांडीवर नीट बसतं. घरात मोकळं फिरतं, माझ्या चष्म्याच्या काडीला चोच मारतं. लेक आली की म्हणते, "आप्पा, ह्यानं तुमाला चांगलंच वळण लावलंय." तिला म्हणलं, व्हय बाई, लावलंय.

संध्याकाळी त्याला नव्या आणलेल्या पिंजऱ्यात ठेवतो, राळा घालतो, मग समई लावतो. वाती तिच्याच आहेत, अजून पुरतायत. देव्हाऱ्याशेजारी तिचा फोटो आहे. तिनं विचारलेल्याचं उत्तर मी त्या दिवशी दिलं नव्हतं. आता दिवा लागला की रोज देतो. फोटोकडं बघून म्हणतो, "घातले गं, दाणे घातले."