अम्माची चूळ

चाचा माणसाचा चेहरा लक्षात ठेवत नसत, हिरड्या लक्षात ठेवत. रंकाळ्यावर फिरताना कुणी थांबून "चाचा, ओळखलं का?" म्हटलं, की ते म्हणायचे, "जरा हसा बघू." माणूस हसला की लगेच, "व्हय, व्हय. खाली डावीकडं पू व्हता. बसला काय आता?" हे सगळं चारचौघांत, बायकामुलांसमोर, खणखणीत आवाजात. एकदा आमच्या एका मैत्रिणीच्या लग्नात नवरदेवाच्या मामांना त्यांनी असंच ओळखलं. मामा जेवण होईपर्यंत रुमाल तोंडाला लावून बसले होते.

कोल्हापूरच्या एका दंत महाविद्यालयात हिरड्यांच्या विभागात चाचा मदतनीस होते. शिक्षण आठवी, नोकरी कंत्राटी, आणि विभागातलं एकही पान त्यांच्याशिवाय हलत नसे. मी कागलहून तिथे एम. डी. एस. करायला आले तेव्हा त्यांची साठी जवळ आली होती आणि तोंडात एकूण एक दात शाबूत होता. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या हातातला आरसा काढून घेतला, पुसला, परत दिला आणि म्हणाले, "म्याडम, पेशंटच्या तोंडात घालायच्या आधी सोताच्या डोळ्यापुढं धरायचा. घाण दिसली तर दुसरा मागायचा. लाजायचं न्हाय." लोकांसमोर ते मला म्याडम म्हणायचे. चिडले की पोरी म्हणायचे. दोन वर्षांत मी पोरीच जास्त झाले.

त्यांच्या बोलण्यात रोज एकदा तरी अम्मा यायची. अम्मा म्हणजे त्यांची आई. बाभळीची साल, जांभळीची साल, लवंग आणि चिमूटभर तुरटी उकळून ती गल्लीतल्या लोकांना चुळा भरायला द्यायची. कुणाकडून एक पैसा घेतला नाही. मग एकदा कुणाचा तरी दात पडला आणि तो माणूस एका दवाखान्यात गेला. तिथल्या डॉक्टरांनी अम्माला बोलावून घेतलं आणि भर दवाखान्यात झाप झाप झापलं, की तू अडाणी बाई लोकांचे दात घालवतेस. अम्मा घरी आली, पातेलं पालथं घातलं, ते पुन्हा चुलीवर चढवलं नाही. "मरताना म्हनाली, मी किती लोकांचं वाटोळं केलं रं?" चाचा हे सांगायचे तेव्हा त्यांचा आवाज जरासुद्धा हलायचा नाही. ऐकणाऱ्याचाच हलायचा.

मला प्रबंधाला विषय हवा होता. आमचे सर म्हणाले, वनस्पतींची चूळ आणि दवाखान्यातली नेहमीची क्लोरहेक्सिडिनची चूळ यांची तुलना करा, आजकाल चालतं. कोणत्या वनस्पती, म्हटल्यावर मी चाचांकडे गेले. त्यांनी हातातले आरसे बाजूला ठेवले. मग म्हणाले, "अम्माचा काढा घे. पन खरंच तपासनार असशील तर घे. लोक म्हनत्यात गुण येतो. लोक काय, कशालाबी गुण आला म्हनत्यात. त्यो डॉक्टर खरा का अम्मा खरी, येवढं एकदा मला कळू दे. काढा वाईट निघाला तरी चालंल."

त्या दिवसापासून हा माणूस माझ्या डोक्यावरच बसला. काढा तीनदा फडक्यातून गाळायचा, दुसऱ्या औषधात खाण्याचा रंग मिसळून दोन्ही एका रंगाची करायची, दोन्हींत लवंगेचं तेल टाकायचं म्हणजे वासावरून कळणार नाही, ही सगळी कारागिरी त्यांची. बाटल्यांना अ आणि ब लिहायचं ठरलं होतं. ते म्हणाले, बायका विसरत्यात, दोरा बांधू. मग अर्ध्या बाटल्यांच्या गळ्यात लाल दोरा आणि अर्ध्यांच्या पांढरा, पेशंटच्या कार्डालाही त्याच रंगाचा. कोणत्या दोऱ्यात काय आहे हे एकट्या चाचांना ठाऊक. तसं लिहिलेली चिठ्ठी पाकिटात घालून, लाखेनं बंद करून सरांच्या कपाटात ठेवलेली. शेवटच्या पेशंटची तपासणी झाल्यावरच ते पाकीट फोडायचं.

माझं काम मोजायचं. हिरडीच्या कडेने बारीक सळई हलकेच फिरवायची, रक्त आलं तर कागदावर एक, नाही आलं तर शून्य, मग कापसानं हिरडी टिपायची. दारात चाचा उभे असायचे आणि आत येणाऱ्या प्रत्येकाला दम भरायचे, "आत औषधाचा विषय काढायचा न्हाय. म्याडमनी इचारलं तरी सांगायचं न्हाय." मिश्री लावणाऱ्या बायका आम्हाला नको होत्या, कारण तंबाखूनं हिरड्यांचं चित्रच बदलतं. एक आक्का शपथेवर सांगत होत्या की मी मिश्रीला हात लावत नाही. मी लिहूनही घेतलं. चाचा शांतपणे म्हणाले, "आक्का, मग कमरंला त्यी डबी कशाची हाय?" आक्का उठून गेल्या त्या जाताना मलाच शिव्या देऊन गेल्या. मी म्हटलं, जाऊ द्या चाचा, एकीनं काय फरक पडतो? ते म्हणाले, "तुला न्हाय पडत. अम्माला पडतो."

घोळ केला एका पैलवानानं. तालमीतला गडी, कार्डाला पांढरा दोरा. खुर्चीत बसला आणि चाचांनी दिलेला दम विसरून मला म्हणाला, "म्याडम, पंधरा दिस झालं बघा, तांबड्या रश्श्याला मीठच लागंना. बायकोशी दोनदा भांडलो. तिनं सासऱ्याला चाखायला दिला, तर त्यो म्हनतोय मीठ बरोबर हाय." मला आधी हसू फुटलं. मग त्याचे पुढचे दात बघितले, कडांना तपकिरी झाक. क्लोरहेक्सिडिननं खारट चव जाते आणि दात तपकिरी होतात, हे आमच्याकडे पोरापोरीला पाठ असतं. पांढरा दोरा म्हणजे दवाखान्याचं औषध. म्हणजे लाल दोरा म्हणजे अम्मा. एका वाक्यात पैलवानानं लाखेचं पाकीट फोडून टाकलं होतं.

चाचांनी दारातून ऐकलं होतं. पैलवान गेल्यावर ते आत आले, दार लोटलं आणि म्हणाले, "तुला कळलं न्हवं?" मी मान हलवली. "मग आता तू मोजू नगंस. ज्या हाताला ठावं हाय, त्या हातानं मापायचं न्हाय. दुसऱ्या कुनाला तरी बशीव, दोरं बदलू, पयल्यापासनं करू."

पहिल्यापासून म्हणजे सहा महिने. माझी परीक्षा तोंडावर आलेली, घरी लग्नाची बोलणी चाललेली. मी सरांना विचारलं. ते हसले. म्हणाले, असल्या गोष्टींना कुणी एवढं मनावर घेत नाही, आणि काढा चांगला यायला हरकत काय, आपल्याच मातीतला आहे. सरांच्या मेहुण्यांचा औषधांचा कारखाना आहे, हे मला तेव्हा माहीत होतं. नव्हतं असं म्हणणार नाही. मी चाचांना सांगितलं, मी अगदी नीट मोजेन, तुम्ही काळजी करू नका. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

मी नीट मोजलं नाही. खोटे आकडे लिहिले असंही नाही, तेवढी हिंमत माझ्यात कधी नव्हती. लाल दोरा दिसला की माझी सळई अलगद जायची. पांढरा दिसला की जरा रुतायची. रक्त यायला वेळ लागला तर लाल कार्डावर मी वाट बघायची नाही, लगेच शून्य. पांढऱ्यावर थांबायची. हे सगळं मी चाचांसाठी करते आहे, असं मी स्वतःला सांगत होते. त्यांच्या आईला न्याय मिळेल, म्हातारा खूश होईल. माणूस स्वतःला काय वाटेल ते पटवतो.

पाकीट फोडलं. काढा क्लोरहेक्सिडिनच्या बरोबरीचा आला. सरांनी पेढे मागवले. मी पहिला पेढा चाचांकडे घेऊन गेले. ते बेसिनजवळ आरसे घासत होते. त्यांनी पेढा घेतला नाही.

"कापूस मी टाकत व्हतो," ते म्हणाले. "तुझ्या कागदावर शून्य, अन् कापसावर रगत. लाल दोऱ्याच्या किती जनांचं दाखवू?"

मी म्हटलं, "चाचा, अम्मा खरी ठरली ना? तुम्हाला हेच हवं होतं."

"माझ्या अम्मावर मेहेरबानी केलीस व्हय गं पोरी?" एवढंच बोलले ते. मग पुन्हा आरसे घासायला लागले.

दुसऱ्या दिवशी ते सरांकडे गेले आणि मोजणी चुकली आहे, परत करा, म्हणाले. काढा त्यांच्या आईचा, नाव झालं असतं तर त्यांच्या घराचं झालं असतं, आणि हा माणूस भांडत होता की आमचा काढा एवढा चांगला आहे असं लिहू नका. सरांनी ऐकून घेतलं. आठवड्याभरात एक पत्र तयार झालं, की हा मदतनीस संशोधनात ढवळाढवळ करतो आणि पेशंटना बाहेरचा काढा देतो. खाली सरांची सही होती आणि शेजारी माझ्या सहीसाठी जागा. मी सही केली. पेन चालत नव्हतं, सरांनी त्यांचं दिलं. चाचांचं कंत्राट पुढे वाढलं नाही. जाताना त्यांनी सगळे आरसे पुसून ओळीनं मांडून ठेवले होते.

पुढं सगळं व्हायचं तसं झालं. मेहुण्यांच्या कारखान्यातून बाटली आली, वर हिरवं पान. मला पदवी मिळाली, शाहूपुरीत दवाखाना झाला. कंपनीचा माणूस दर महिन्याला येतो आणि माझाच अभ्यास मला दाखवतो, "मॅडम, हे तर तुमचंच काम." अम्माचं नाव त्यात कुठेही नाही. ती बाटली मी ठेवत नाही. ठेवत नाही म्हणून कुणाचं काही अडत नाही, औषधांच्या दुकानात ती ढिगानं मिळते.

गेल्या वर्षी एका पेशंटकडून कळलं की चाचा अंथरुणाला खिळलेत, साखरेनं डोळे गेलेत. दोन दिवस मी टाळाटाळ केली आणि मग गेले. सुनेनं दार उघडलं, आत नेलं. चाचा खाटेवर भिंतीला टेकून बसले होते. मी म्हटलं, चाचा, मी आलेय. त्यांनी आवाजाच्या दिशेला तोंड वळवलं. "कोन?" मला माझं नाव सांगवेना. ते म्हणाले, "जवळ ये. हस बघू जरा." मी वाकले आणि हसायचा प्रयत्न केला. त्यांनी हात पुढे केला, बोटानं माझा वरचा सुळा चाचपला. तो माझा जरा वाकडा आहे. "पोरी, तू व्हय," ते म्हणाले, आणि सुनेला चहा टाकायला सांगितलं.

मी माफी मागायला सुरुवात केली. त्यांनी हातानंच थांबवलं. नोकरीचं काही काढू नकोस, म्हणाले, कुठलीबी नोकरी जायाचीच असते. मग माझ्याकडे आणखी सरकले.

"आता हितं कोनी न्हाय. पेढा न्हाय, परीक्षा न्हाय. खरं सांग. अम्माचा काढा कितपत व्हता?"

चांगला होता चाचा, हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. वाईट होता, हेही म्हणता आलं असतं. पण लाल दोऱ्याच्या हिरड्या खरंच किती बऱ्या झाल्या होत्या, हे मला कुठे ठाऊक होतं? आकडा मीच पुसून टाकला होता. पाकीट फोडल्यावर त्यात जे निघालं ते माझ्या हाताचं वजन होतं, काढ्याचं नव्हतंच.

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

त्यांनी भिंतीला डोकं टेकवलं. मग म्हणाले, "तुलाच ठावं असायला पायजे व्हतं." रागानं नाही. चहा आला, मी तो प्याले आणि निघाले. महिन्याभरात चाचा गेले. मला तिसऱ्या दिवशी कळलं.

परवा त्यांची सून दवाखान्यात आली. बाभळीची आणि जांभळीची साल कागदात बांधून आणली होती, चाचांनी माझ्यासाठी ठेवायला सांगितली होती म्हणे. पुडीला दोन दोरे गुंडाळलेले, एक लाल, एक पांढरा. मला कळलं त्यांना काय हवं होतं. दवाखाना माझा आहे, पेशंट भरपूर आहेत, सहा महिने मला आता कधीही काढता येतील. पुडी टेबलाच्या खणात आहे. मी रोज खण उघडते, बघते आणि लावते. कारण दोरे बांधून गप्प राहणारा माणूस मला मिळत नाही, आणि मोजायला माझा हात चालणार नाही.