पाऊण तास हसायचं नाही

रेडिएशनच्या वेटिंग रूममध्ये एक नियम होता. तो हॉस्पिटलने नव्हे, अक्कांनी केला होता: पाणी प्यायल्यावर हसायचं नाही.

कारण साधं होतं. ओटीपोटावर रेडिएशन घ्यायचं तर मूत्राशय भरलेलं लागतं. ते फुगलं की आतडी वर सरकतात आणि किरणांच्या वाटेतून बाजूला होतात. म्हणून रोज सकाळी आम्ही बायका आधी बाथरूमला जाऊन यायचो, मग अर्धा लिटर पाणी प्यायचो आणि पाऊण तास गुडघे जुळवून बसून राहायचो. पाच-सहा जणी, सगळ्यांच्या अंगावर मागून नाडी बांधायचे हिरवे गाऊन आणि सगळ्यांचे चेहरे समाधी लागल्यासारखे. अशा वेळी एखादी नुसती शिंकली तरी बाकीच्या डोळे मिटून घ्यायच्या.

अक्का मूळच्या निपाणीच्या, गेली चाळीस वर्षं इथल्याच बसवनगुडीत राहणाऱ्या. आपलाच नियम त्या रोज मोडायच्या. पाण्याची बाटली रिकामी झाली की हजेरी सुरू. "आज किती?" म्हणजे संडासला किती वेळा. "माझं चार. तुझं गं?" बायका बोटं दाखवायच्या. माझी पाळी आली की मी फोनमधून डोकं वर न काढता म्हणायचे, "एकदा."

खरा आकडा सात होता.

मी तेव्हा एकोणतीस वर्षांची होते. कमरेखालच्या कुठल्याच गोष्टीसाठी माझ्याकडे मराठी शब्द नव्हते. इंग्रजी शाळेने इंग्रजी शब्द दिले होते, पण ते फक्त पेपरात लिहिण्यापुरते. गर्भाशयमुखाचा कॅन्सर, एकूण पंचवीस सेशन्स, त्यातली तेरा झालेली. मधे खंड पडता कामा नये, असं डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. त्यावरून मी माझ्यापुरता हिशोब मांडला: त्रास सांगितला तर हे लोक ट्रीटमेंट थांबवतील, आणि थांबवली तर आतला तो पुन्हा डोकं वर काढेल. त्यापेक्षा सातचा एक करणं सोपं होतं. घरी नळ मोठा सोडला की आईलाही कळायचं नाही.

आई पुण्याहून माझ्या सर्जापूर रोडच्या फ्लॅटवर येऊन राहिली होती, मला ताकद आणायला. आणि इथे माझी दुसरी लबाडी. हॉस्पिटलने एक इंग्रजी कागद दिला होता. पुढच्या बाजूला काय खायचं आणि काय टाळायचं. मागच्या बाजूला, ट्रीटमेंट संपल्यावर योनीमार्ग आकसू नये म्हणून काय करायचं, तेही आकृतीसकट. ती आकृती आई चष्मा लावून, कागद जवळ-लांब करत बघतेय, असं चित्र डोळ्यांपुढे आलं आणि मी तो कागद लॅपटॉपच्या बॅगेत तळाशी घातला. आईला सांगितलं, "पौष्टिक खा म्हणालेत." मग समोर येईल ते मी मुकाट्याने खात राहिले. उसळ नको म्हटलं असतं तर "का?" आलं असतं, आणि "का"च्या मागोमाग कागद.

चौदाव्या दिवशी मशीनखाली झोपले, स्कॅन झाला आणि टेक्निशियन बाहेर आला. त्याला आम्ही सगळ्या अण्णा म्हणायचो. "मॅडम, ब्लॅडर भरलंच नाही. स्वल्प नीरु कुडीरी."

प्यायले आणखी पाणी. पाऊण तासाने पुन्हा तेच. अण्णाने घड्याळाकडे बघितलं. "अजून एकदा बघू. नाहीतर आज राहू दे."

राहू दे! मी गाऊनची नाडी आवळत वेटिंग रूममध्ये परतले. एवढा उशीर का म्हणून बाहेर बसलेली आईही तोवर आत आली होती.

"पोरी, अर्धा लिटर पाणी जातंय कुठं?" अक्का म्हणाल्या. "खरं सांग. किती?"

"ए..."

"मशीनला कळतंय आणि मला कळत न्हाई व्हय?"

"सात," मी फरशीला सांगितलं.

"सात?" आई ओरडली. "अगं, सात?"

अक्का शांतपणे तिच्याकडे वळल्या. "ताई, पोरीला खायला काय घालतासा?"

आईला हा प्रश्न शेवटी कुणीतरी विचारला होता. ती सरसावून बसली. "अहो, सगळं पौष्टिक! सकाळी मोडाची मटकी. मग पेरू, सालासकट. जेवायला मेथीची भाजी आणि नाचणीची भाकरी. कोशिंबीर तर रोज लागतेच. चार वाजता भिजवलेले अंजीर. आणि झोपताना कोमट पाण्यातून त्रिफळा, पोट साफ राहावं म्हणून."

सगळ्यांच्या माना आईकडे वळल्या. या बायका तीन-तीन आठवडे मऊ भात, दही आणि केळ्यावर दिवस काढत होत्या.

"अय्यो देवरे," अक्का म्हणाल्या. "मग सातच कसं? सतरा व्हायला पायजेत!"

कोपऱ्यातून आधी एक बारीक कुंई ऐकू आली. मग सगळ्याच फुटल्या. एकीने भिंत धरली, दुसरी गुडघे न उघडता दाराकडे धावली, आणि अक्का, सत्तरी गाठलेल्या अक्का, "सरका, सरका!" करत तिच्याही पुढे निघून गेल्या. अण्णा यादी घेऊन आला तेव्हा खुर्च्या रिकाम्या. "एल्लरू एल्ली?" म्हणून तो बघतच राहिला. सगळ्या कुठे म्हणजे काय? बाथरूमच्या एकाच रांगेत उभ्या होत्या. मी मात्र पोट धरून हसत होते. पूर्ण खोलीत मनसोक्त हसण्याची सोय फक्त माझी होती. माझं मूत्राशय रिकामं होतं.

हा गोंधळ ऐकून डॉक्टर आल्या. सात हा आकडा मी त्यांना स्वतःच्या तोंडाने सांगितला आणि विचारलं, "आता थांबवणार?"

"थांबवायला लागू नये म्हणूनच तर सांगायचं असतं," त्या म्हणाल्या. "अजून चार दिवस लपवलं असतंस तर थांबवावंच लागलं असतं." रक्त तपासलं, जुलाब थांबवायच्या गोळ्या दिल्या, जुलाबात गेलेलं पाणी भरून काढायला सलाईन लावलं. त्रिफळाचं नाव ऐकून त्यांनी पेन खाली ठेवलं आणि खिडकीबाहेर बघितलं. खांदे हलत होते.

सलाईन चालू असताना आईने हात पुढे केला. "कागद."

मी दिला. तिने चष्मा लावला. पुढची बाजू वाचली. उलटून मागची वाचली, सावकाश. मी ठिबकणारे थेंब मोजत होते.

"आकृती स्वच्छ काढलीय," ती म्हणाली. मग कागदाची घडी घालत, "घरी मेथीची अख्खी जुडी पडलीय. ती आता कोण खाणार?"

दुपारी दोनला मी पुन्हा मशीनखाली होते. स्पीकरवरून अण्णाचा आवाज आला, "फुल!" एवढा आनंद मला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता. मग सतरा आठवले आणि पोट हलायला लागलं. "मॅडम, प्लीज," अण्णा कळवळून म्हणाला. मी दात आवळून छताकडे बघत राहिले. चौदावं सेशन झालं.

तीन दिवस मऊ भात, दही, केळं, आणि वेटिंग रूममध्ये आता आईचीही हक्काची खुर्ची. चौथ्या दिवशी अक्कांची हजेरी माझ्यापर्यंत यायच्या आतच मी म्हणाले, "तीन!" चांगला मोठा आवाज निघाला. दारातल्या नर्सनेही ऐकलं.

"साडेतीन," आईने विणकामातून मान वर न करता दुरुस्ती केली. "एकदा नुसतीच जाऊन आली."

"ताई!" अक्का गुडघे आवळत ओरडल्या. "आत्ताच प्यालोय आम्ही!"