मार्गदर्शकाच्या सहीची जागा

मानसिंगराव काटकरांच्या घराण्यातल्या चार पिढ्या ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारच्या फौजेत खपल्या होत्या. पुस्तकाचं वेड त्यांतल्या कुणालाही लागलं नव्हतं. मानसिंगराव मॅट्रिक झाले तेव्हा आळीत पेढे वाटले गेले. दुसऱ्या महायुद्धात ते रसदीच्या लॉऱ्यांबरोबर इराणात गेले. झाहेदानहून मशहदपर्यंत माल न्यायचा आणि तिथे रशियन फौजेच्या ताब्यात द्यायचा, हे काम. यादी इंग्रजीत, माल मोजून घेणारा रशियन, आणि मधे रोजची हुज्जत. त्या हुज्जतीला कंटाळून ते रशियन शिकले. आधी टायर, पोती आणि पेट्रोल, मग शिव्या, आणि तिसऱ्या वर्षी चक्क वर्तमानपत्र.

परत आले तर इकडे सगळंच बदलत होतं. अठ्ठेचाळीसमध्ये ग्वाल्हेर संस्थान मध्यभारतात विलीन झालं, फौजेत छाटणी झाली आणि छत्तिसाव्या वर्षी मानसिंगराव घरी बसले. पाच वर्षं मिळेल ते काम केलं. मग त्रेपन्न साली शिक्षण खात्यानं शहराच्या लश्कर भागात, एका वाचनालयाच्या मागच्या दोन खोल्यांत, एक छोटा वर्ग काढला. नुकत्याच एम. ए. झालेल्या मुलामुलींनी रशियाचं राजकारण आणि परराष्ट्र धोरण मुळातून वाचावं, त्यांतून पुढे अभ्यासक तयार व्हावेत, असा विचार होता. प्रमुख म्हणून नेमलेले प्राध्यापक सहा महिन्यांत इंदूरला निघून गेले. त्यांच्या जागी कुणी आलंच नाही. उरले रशियन येतं म्हणून घेतलेले मानसिंगराव, हुद्दा भाषा सहायक.

सगळा वर्ग मग त्यांनीच चालवला. मॉस्कोची वर्तमानपत्रं दिल्लीमार्गे पंधरावीस दिवसांनी यायची. मानसिंगराव एकच बातमी घेऊन आठवडा काढायचे. सभेत कोण कुणाच्या शेजारी बसलं, गेल्या महिन्यात तिसरं असलेलं नाव आता सातवं का, इराणबद्दल लिहिताना 'मित्र' हा शब्द कधी गळला, असं सगळं मुलांकडून शोधून घ्यायचे.

"छापलेलं असेल तेवढंच शाईनं लिहा," ते सांगत. "तुमचा अंदाज पेन्सिलनं. दोन्ही एक करू नका, बेटा. मोठमोठे लोक तिथेच फसतात."

दुसऱ्या तुकडीत दोघंच होती. त्यातला गोविंद वर्षभरात शाळामास्तर होऊन भिंडला गेला. राहिली लीला मुळ्ये. नई सडकेवर राहायची. वडील भालचंद्रपंत सचिवालयात कारकून. तिनं विषय घेतला होता, सेहेचाळीस साली रशियन फौजा इराणातून का परतल्या. एकदा तिनं लिहिलं की सैनिकांनाच परत जायचं होतं.

"कुणाला विचारलंस?"

"सर, तुम्हीच तर सांगितलं होतं. तुम्ही पाहिलंत ना त्यांना!"

"मी पाहिलं एका डेपोत. चाळीस ड्रायव्हर. त्यावरून मॉस्कोच्या मनातलं कळत नाही. खोड ते."

तिनं खोडलं. असं दोन वर्षं चाललं. प्रबंध एकशेवीस पानांचा झाला. त्यातलं प्रत्येक रशियन वाक्य मानसिंगरावांनी तीनतीनदा तपासलं होतं.

छप्पन्नच्या पावसाळ्यात मध्यभारत राज्यच मोडणार हे पक्कं झालं. नव्या राज्याची राजधानी भोपाळला. कचेऱ्यांमधून कपाटं निघू लागली. कुठलं खातं कुठे जाणार याच्या याद्या लागल्या. लीला वडिलांबरोबर जाऊन यादी वाचून आली आणि वर्गात येऊन वर्तमानपत्रांच्या घड्या घालू लागली.

"आपला वर्ग यादीत नाही," मानसिंगरावच म्हणाले. "मीही वाचून आलोय. वडिलांचा तबादला?"

"भोपाळ."

"आणि तू दिल्लीचा अर्ज भर."

दिल्लीतल्या एका संशोधन संस्थेत तरुण अभ्यासकांसाठी जागा निघाल्या होत्या. प्रबंध जोडायचा होता, आणि मार्गदर्शकाची सही, पदवीसह. मानसिंगरावांनी तो फॉर्म दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला, आणि संध्याकाळी लीलाला घेऊन तात्यासाहेबांकडे गेले. तात्यासाहेब कॉलेजात इतिहास शिकवायचे. सरळ माणूस, जुने स्नेही.

"अहो काटकर, मला रशियनचं एक अक्षर येत नाही," ते म्हणाले. "मी यातलं काही वाचलेलं नाही. सही कशी करू?"

"मी वाचलंय. तुम्ही एम. ए. आहात. मी मॅट्रिक. माझी सही पाहिली तर ते पुढचं पान उलटणार नाहीत."

"सर, ये तो नाइन्साफी है!" लीला उठून उभी राहिली. "मी नाही पाठवणार. सगळं तुमचं आहे यात."

"खाली बस," मानसिंगराव म्हणाले. त्यांनी आवाज चढवला नाही. "यात माझं काय आहे? अर्थ सांगितले, तेवढंच. वाचलंस तू, लिहिलंस तू. प्रस्तावनेत माझं नाव आहे, तेही काढ. नाहीतर कुणीतरी विचारेल, हा काटकर कोण?"

तात्यासाहेबांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला, आणि सही केली. प्रस्तावनेतलं नाव लीलाच्या हातून कापलं जाईना. तिच्या हातातून पेन घेऊन मानसिंगरावांनीच ते कापलं, शेजारी बारीक अक्षरात 'वगळावे' असं लिहिलं.

एकतीस ऑक्टोबरला वर्ग बंद झाला. त्यांनी वर्तमानपत्रांचे गठ्ठे सुतळीनं बांधले आणि किल्ली घेऊन कचेरीत गेले. ती कुणाच्या ताब्यात द्यायची, हे तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी एका शिपायानं ती घेतली. महिन्याभरात त्यांना एका गिरणीत हजेरी घेण्याचं काम मिळालं.

लीलाला दिल्लीची जागा मिळाली. अठ्ठावन्न साली तिचा प्रबंध छापून टपालानं मानसिंगरावांच्या थाटीपुरच्या घरी आला. त्यांनी तो आधी पहिल्या पानापासून चाळला, मग शेवटच्या पानाकडून. पुन्हा पहिल्यापासून.

"काय शोधताय एवढं?" त्यांच्या पत्नीनं, मंदाताईंनी विचारलं.

"काही नाही. छपाईच्या चुका."

चूक खरोखरच सापडली, एका क्रियापदाचा काळ. त्यांनी कार्ड टाकलं. लीलाचं लांबलचक उत्तर आलं. तिच्या हाताखाली आता पाच नवी मुलं होती, मन लावणारी, पण बातमी वाचली की लगेच निष्कर्ष काढणारी. महिनाभर येऊन तुम्ही त्यांना शिकवा, भाडं संस्था देईल, असं तिनं लिहिलं होतं. मानसिंगरावांनी कळवलं, गिरणीतून रजा मिळत नाही.

रजा त्यांनी मागितलीच नव्हती. मंदाताईंनी खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, "तिथे गेलं की फॉर्म भरायला लावतात. शिक्षणाचा रकाना असतो त्यात."

लीलानं आणखी दोनदा बोलावलं. ते गेले नाहीत. एकसष्टच्या थंडीत ताप छातीत उतरला आणि आठ दिवसांत ते गेले.

तार उशिरा मिळाल्यानं लीला चौथ्या दिवशी पोहोचली. घरात नातेवाईक होते, सगळे फौजेच्या, गिरणीच्या गोष्टी सांगत होते. मंदाताई तिला आतल्या खोलीत घेऊन गेल्या.

"एक विचारू? हे तुम्हाला नक्की काय शिकवायचे गं?"

लीलानं सांगायला सुरुवात केली. मॉस्कोच्या सभेतल्या नावांच्या रांगा, गळलेला एक शब्द, इराणातल्या फौजा. सांगता सांगता तासभर गेला. दिल्लीत आज जे काही ती मुलांना शिकवते ते कुठून आलं, तेही सांगितलं. मंदाताई पदर हातात धरून ऐकत होत्या.

"एवढं येत होतं त्यांना?" त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, जुनी रद्दी वाचतात."