भावाच्या पट्ट्यासाठी सोडलेली मासळी

माझ्या भावाचं गाणं मी पहिल्यांदा ऐकलं ते बोईसरच्या मासळी बाजारात, एका गिऱ्हाइकाच्या फोनवर. हातात कोयता, समोर अर्धी कापलेली सुरमई, आणि फोनमधून माझ्या सख्ख्या भावाचा आवाज धडाधडा शब्द फेकतोय. मला वाटलं, कोणाशी तरी भांडतोय. मग मागे ढोल वाजतोय हे लक्षात आलं.

"दीदी, ये तेरा भाई है ना?" गिऱ्हाईक म्हणालं. हा कारखान्यातला कामगार, माझा नेहमीचा. "रॅप निकाला है. पूरा अल्बम, आठ गाना."

"चल, कुछ भी," मी म्हटलं. "मेरा भाई पैलवान है."

पण आवाज त्याचाच होता. ज्या माणसाला पाहुण्यांसमोर 'हां' आणि 'नाय' याच्यापुढे तिसरा शब्द सुचत नसे, लग्नात नाचायला ओढला तर जो मंडपाच्या मागे जाऊन बसायचा, तो दम न घेता बोलत होता आणि यमक जुळवत होता. मी सुरमई तशीच टाकून उभी राहिले.

पैलवान म्हटलं की लोकांना लाल माती आठवते. माझा भाऊ तसला पैलवान नाही. तो फोनवर दिसते त्या कुस्तीतला. दिवे, धूर, खुर्च्यांची फेकाफेक, आणि मागे कोणीतरी माइकवर बोंबलतंय. पालघरच्या एका जिममध्ये अंग कमावलं, मुंबईच्या कंपनीनं पाहिलं आणि उचललं. कोळ्याचा पोर म्हणून त्याच्या खांद्यावर जाळं दिलं. तो यायचा, समोरच्याच्या अंगावर जाळं फेकायचा आणि मग धुवायचा. लोक त्याला शिव्या घालायचे, हुर्यो करायचे. आम्हाला वाटायचं, घाबरतात म्हणून करतात. कंपनीनं त्याला वाईट माणूस म्हणूनच घेतलाय, हे आमच्या डोक्यातच आलं नाही.

तिथं सगळ्यात वर एक पट्टा असतो. सोनेरी, हातभर रुंद, जिंकेल त्याच्या कमरेला. चार वर्षांपूर्वी त्याची पहिली कुस्ती लागली, तेव्हा मी गावदेवीला नारळ घेऊन गेले आणि बोलले, माझ्या भावाच्या कमरेला तो पट्टा लागेपर्यंत मी मासळी तोंडात घालणार नाही.

आता तारापूरकडच्या आमच्या गावात मासळी सोडणं म्हणजे काय, ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. सकाळी भाकरीबरोबर सुका बोंबील, दुपारी कालवण, संध्याकाळी उरलेलं कालवण. नवरा बोटीवर, मी पाटीवर, दारात बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळतायत, आणि मी बटाट्याची भाजी खातेय. चव न घेता कालवण करायला शिकले. लग्नात पंगतीला बसले की शेजारची विचारायची, काय गं, माळ घातलीस काय. बाजारात गिऱ्हाईक विचारायचं, पापलेट कसं आहे. मी छातीठोक सांगायचे, लोण्यासारखं. कधीकाळी खाल्लेल्या लोण्याच्या भरवशावर.

भाऊ काही जिंकेना. दरवेळी पट्ट्यापर्यंत पोचायचा आणि पडायचा. माझंच काही चुकतंय असं मला वाटायला लागलं. एक वर्ष मी अंडंही सोडलं. नवरा म्हणाला, "आता भाकरी पन सोड, म्हंजे सुटलो." मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही.

मग दीड वर्षापूर्वीची ती शिडीची कुस्ती. पट्टा वर टांगलेला, खाली शिडी, जो आधी चढून काढेल त्याचा. आय आणि मी दुपारी फोन भिंतीला टेकवून बघत बसलो होतो. भाऊ चढला. अगदी वर पोचला, बोटं पट्ट्याला लागली. आयनं माझा हात धरला. आणि तो वरून खालच्या टेबलावर आदळला. उठला नाही. दुसऱ्यानं जाऊन आरामात पट्टा काढला. खांदा मोडला होता. आम्ही इस्पितळात गेलो, तर माझ्या तोंडून पहिलं काय निघावं? "अरे, दोन पावलं राह्यली व्हती. उठायचं ना."

"चुकलं ताय," तो म्हणाला, आणि भिंतीकडे बघत राहिला.

त्यानंतर कुस्ती सुटली. कंपनीनं सोडलं की त्यानं सोडलं, कोणी नीट सांगितलं नाही; परत उतरेल म्हणून मी नवस सोडला नाही. मुंबईतच राहिला, काहीतरी करतोय म्हणायचा. ते काहीतरी म्हणजे हे.

"तीसरा सुनो," कामगार म्हणाला. त्याचा चेहरा उतरलेला होता. त्यानं तिसरं गाणं लावलं, आणि आजूबाजूच्या बायकाही कान देऊन उभ्या राहिल्या, कारण ते आमच्या बोलीत होतं.

"ताय माजी मासली इकते, तोंडात घेत नाय,
भाव जिंकल म्हनून थांबलीय, भाव जिंकनार नाय.
कोन पडनार, कोन उठनार, आदीच लिवलंय सगला,
कागद वाचून रिंगनात जातो, कागद वाचून पडला."

पहिल्यांदा मला कळलंच नाही. शेजारच्या कोळणीला आधी कळलं. ती म्हणाली, "म्हंजे आदीच ठरलेलं असते काय गं?" आणि माझ्याकडे बघत राहिली. मग बाकीच्या बघायला लागल्या. कोणी हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं, मी भांडून तरी मोकळी झाले असते.

चार वर्षं. त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं की तो हरणारा माणूस आहे. पट्टा त्याला कधी मिळणारच नव्हता. मी देवीपुढे वाट बघत बसले होते, आणि निकाल कुठल्यातरी खोलीत कागदावर लिहिलेला होता. आणि हा सणासुदीला घरी यायचा, माझ्यासमोर कोळंबी ओरपायचा, मी वरणभात खायचे. एका अक्षरानं बोलला नाही. बोलला ते कधी, तर सगळ्या जगाला, ढोल वाजवून. माझी अवस्था तोंडात मारल्यासारखी झाली.

कामगारानं शर्टाची बाही वर केली. कोपरापासून मनगटापर्यंत जाळं गोंदवलेलं. "दीदी, रूमवालों से झगड़ा किया मैंने इसके लिए. बोलते थे सब नकली है. अब इस जाल का क्या करूँ?"

 मी त्याला सुरमई पण द्यायची विसरले. तोही न घेता गेला.

पुढचे तीन दिवस काय सांगू. गाणं वणव्यासारखं पसरलं. ज्या जिमनं शटरवर त्याचं चित्र काढलं होतं, त्यांनी त्यावर चुना मारला. चाहत्यांनी खाली लिहिलेलं नवऱ्यानं मला वाचून दाखवलं, थांब म्हटलं तरी थांबेना. एकानं लिहिलं, आमचं बालपण खोटं केलंस. दुसऱ्यानं लिहिलं, पैलवानानं कुस्ती करावी, पोपटपंची करू नये. काही म्हणत होते की खरं बोलायला छाती लागते, गाणी कडक आहेत. आणि बरेच जण नुसतं विचारत होते, ती ताय खरी आहे का.

खरी आहे, बाबांनो. बोईसरला मासळी विकते. कळायला वेळ लागला नाही. बाइकवरून पोरं जाता जाता ओरडायला लागली, "ताय, मासली खाल्ली काय?" एक बाई तर पापलेट घ्यायचं सोडून माझ्याबरोबर फोटो काढायला आली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझा नवस, माझ्या देवीचा, माझ्या पोटाचा, आणि ह्यांच्या तोंडात ते गाण्याचं धृपद.

मी भावाला फोन केला. त्यानं उचलल्या उचलल्या विचारलं, "सगली ऐकलीस?"

"तीन ऐकली. बास झाली."

"शेवटचं ऐक, ताय."

"मेल्या, तुझी बहीण येडी हाय हे गावाला सांगितलंस. आता शेवटच्यात काय सांगितलंस, माझा पत्ता?" आणि फोन ठेवून दिला.

शुक्रवारी तो गावाला आला. माझं सासर-माहेर एकाच गावात, मध्ये दहा घरं. आय बोलवायला आली. मी म्हटलं, येत नाय. ती परत गेली. मी इतकी चिडले होते की त्या दिवशी कालवणात दोनदा मीठ टाकलं, आणि नवऱ्यानं मुकाट्यानं खाल्लं.

शनिवारी मी पाटी घेऊन बाजारात बसले, तर तो कामगार परत आला. बाही खाली ओढलेली. मला वाटलं, राहिलेली सुरमई मागतोय. तो माझ्यासमोर उकिडवा बसला.

"दीदी, आठवाँ सुना?"

"नही. और सुनना भी नही."

"सुन लो," तो म्हणाला. "मैं फैक्टरी से सीधा आया हूँ." आणि माझं ऐकून न घेता त्यानं फोन माझ्या हातात दिला.

आठव्या गाण्यात ढोल नव्हता. भाऊ गातही नव्हता, नुसता बोलत होता, घरी बोलतो तसा, अडखळत. कुस्त्या लिहिणाऱ्या माणसाकडे मी गेलो, तो म्हणतो. त्याला म्हटलं, साहेब, एकदाच जिंकू द्या. एका दिवसापुरता पट्टा द्या, दुसऱ्या दिवशी काढून घ्या. साहेब म्हणाला, का रे? मी म्हटलं, घरी एक बाई जेवायची थांबलीय. साहेब हसला. सहा महिने मी रोज जात राहिलो, तेव्हा म्हणाला, बरं, देतो. पण वाईट माणसाला फुकट जिंकताना लोक बघणार नाहीत. आधी वरून पडावं लागेल. शिडीच्या टोकावरून, टेबलावर. मग उठायचं, परत चढायचं आणि पट्टा घ्यायचा. कागदावर तसंच लिहिलं. कागदावर मी उठलो होतो.

पुढे तो काय बोलला ते मी ऐकलं नाही. मला इस्पितळातली मीच ऐकू येत होते. उठायचं ना.

फोन कामगाराला दिला, पाटी शेजारणीच्या हवाली केली आणि रिक्षात बसले. पाम गावातून जाताना रिक्षावाल्यानं विचारलं, "ताई, बरं नाही का?" मी हातानंच खुणावलं, चालव.

आयच्या घरी भाऊ जेवायला बसला होता. मला पाहून अर्धा उठला. मी म्हटलं, "बस. ऐकलं मी."

तो बसला. आयला आठव्या गाण्याचं काही माहीत नव्हतं. ती तळलेल्या बोंबलांची थाळी हातात घेऊन आमच्याकडे आळीपाळीनं बघत होती.

"तवाच सांगायचं ना," मी म्हटलं. "मी तुला उठला नाय म्हनून बोलले."

"काय सांगू? तुज्या जेवनासाठी पडलो म्हनून?" तो म्हणाला. "तू मग जन्मात जेवली नसतीस."

"आनि त्याच्या आदी? पहिल्याच वर्षी सांगितलं असतंस तर?"

"पहिल्या वर्षी वाटलं, येक दिवस खरंच देतील." तो भाताशी खेळत होता. "मग लाज वाटाय लागली. तू अंडं सोडलंस तवा तर सांगायची हिंमतच नाय झाली. तोंडानं सांगता येत नाय, ताय. म्हनून गान्यात सांगितलं."

मी त्याच्यावर ओरडायला आले होते की पाया पडायला, मलाच माहीत नव्हतं. मी म्हटलं, "हात वर कर."

"कशाला?"

"कर."

त्यानं उजवा हात उचलला. खांद्यापर्यंत आला आणि थांबला. त्यानं दात आवळले, आणखी दोन बोटं वर गेला, परत खाली. दीड वर्षात मी त्याला असा कधी बघितलाच नव्हता. माझ्यासमोर तो हात खालीच ठेवायचा.

लहानपणापासून ऐकलंय की नवस मोडला तर ज्याच्यासाठी बोललो त्याच्यावर येतं. त्याच भीतीनं मी चार वर्षं बोटाला लागलेला रस्सा पण चाटला नव्हता, पुसून टाकला होता. आणि मी मोडला नाही म्हणूनच ते त्याच्यावर आलं.

"आता पट्टा नाय मिलनार," तो म्हणाला. "कवाच नाय. तू खा आता."

"देवीला काय सांगू?"

"माजं नाव सांग."

मी खाली बसले. त्यानं आयच्या थाळीतला एक बोंबील उचलला, डाव्या हातानं, आणि माझ्यासमोर धरला. भावाला मी कधी रडताना पाहिलं नाही. त्या दिवशीही तो रडला नाही. मी तोंड उघडलं.

 आयनं थाळी खाली ठेवली आणि विचारलं, "मीठ बरोबर हाय काय गं?"

मला कसलीच चव लागत नव्हती. "बरोबर हाय," मी म्हटलं.