धाकट्याचं कुत्रं

दातांच्या दवाखान्यांना कवळ्या बनवून देणारा तो छोटासा कारखाना म्हणजे एक लांबुळकी खोली होती. खिडकीशी ताईचं टेबल. त्यावर प्लास्टरचे साचे, गुलाबी मेणाच्या पट्ट्या आणि मेण वितळवायचा छोटा दिवा. मेणात एकेक दात बसवायचा, जरा तिरका झाला की काढून पुन्हा बसवायचा, हे काम ती अर्ध्याहून जास्त आयुष्य करत आली होती. मालकापासून झाडूवालीपर्यंत सगळे तिला ताईच म्हणायचे. पॉलिशच्या चाकावर बसणारी तिची मैत्रीण म्हणायची, "जगाला हसायला दात देतेस बाई, स्वतःचे मात्र कधी दाखवत नाहीस." मान वर न करता ताई म्हणायची, "दिसले नाहीत तेच बरंय. चावले असते."

खरं तर ती ताई होती एकट्या धाकट्याची. आई-वडील लवकर गेले तेव्हा तो अजून बुटाची नाडी बांधायला शिकत होता. तिने त्याला वाढवलं, शाळेत घातलं, शाळेतून पळून आल्यावर बदडलं आणि मग रात्री त्याच्या पाठीला तेलही लावलं. या सगळ्यात तिचं लग्न राहून गेलं. त्यानेही केलं नाही. का, ते तिने विचारलं नाही. मोठा झाल्यावर तो घरं रंगवायला लागला आणि एका गोदामाच्या वरच्या खोलीत वेगळा राहायला गेला. पण रविवारी जेवायला तिच्याकडे, हा नेम त्याने कधी मोडला नाही.

कुत्रं त्याला कामावर सापडलं होतं. रिकाम्या घरात, रंगाच्या रिकाम्या डब्यात, थरथरत बसलेलं पिल्लू. वाढेल वाढेल म्हणून त्याने वाट पाहिली, पण ते मांजराएवढंच राहिलं. "शर्टाचं बटण तुटून पडावं तसं पडलं होतं," म्हणून त्याने नाव ठेवलं बटण. ताईला कुत्र्यांचं प्रेम बेताचंच. रविवारी बटण तिच्या दारात आलं की ती आधी पाय पुसायचं फडकं पुढे करायची.

थंडीचा कडाका ओसरला की धाकटा दरवर्षी बटणला घेऊन शहराबाहेरच्या तळ्यावर जायचा. तिथे तंबू ठोकून राहायला जागा होती. तो तिथून परत यायचा तो वर्षभराचा शीण उतरल्यासारखा. पण त्या वर्षी त्याची छाती बिघडली. भिंती घासताना उडणारी भुकटी इतकी वर्षं आत साठत गेली होती. डॉक्टरांनी ताईला बाजूला घेऊन सांगितलं, "फुप्फुसं जवळजवळ कामातून गेलीत. जपा." ताईने ते धाकट्याला सांगितलं नाही. त्याने विचारलंही नाही. त्याने विचारलं ते भलतंच.

"ताई, या वर्षी तळ्यावर तूही चल."

"मी? जमिनीवर झोपू? या वयात?"

"तू आली नाहीस तर मला कोणी जाऊ देणार नाही."

"कोण जाऊ देणार नाही?"

"तूच."

ती हसली नाही, पण तयार झाली. आणि एकदा तयार झाली म्हटल्यावर काम मन लावून करायचं हा तिचा स्वभाव. धाकट्याची औषधं तिने एका पिशवीत भरली आणि मग बटणकडे मोर्चा वळवला. एवढंसं जनावर, उघड्यावर कसं राहणार? तिने जुन्या स्वेटरच्या बाहीचा त्याला अंगरखा शिवला. मानेचा पट्टा निसटतो म्हणून छातीवरून बांधायचा पट्टा आणला. त्यावर पत्ता कोरलेला बिल्ला लावला. गोचीड काढायचा चिमटा घेतला. तळ्यावर घारी असतात हे कुठूनतरी ऐकून तिने मोठी छत्रीही घेतली.

"छत्री कशाला? ऊन तरी कुठंय?" धाकट्याने विचारलं.

"वरून घारीने उचललं तर?"

"अगं ताई, कुत्रं आहे ते, काचेचं भांडं नाही."

"भांडं असतं तर बरं होतं. जिथे ठेवलं तिथे राहिलं असतं."

तळं छान होतं, हे तिला कबूल करावं लागलं. काठाला बोरूचं उंच गवत, पलीकडे झाडांची काळी ओळ, पाणी अगदी स्थिर. तंबू ठोकायला ती पुढे झाली तर धाकट्याने हातोडी सोडली नाही. "हे माझं काम. तू चहा टाक." ती स्टोव्ह पेटवत होती तेव्हा तिला खुंट्यांवरचे घाव ऐकू येत होते. मधेच ते थांबायचे. मग पुन्हा सुरू व्हायचे. तिने वळून पाहिलं की तो तळ्याकडे बघत उभा असायचा, जणू काय मोठं निसर्गप्रेम उतू चाललंय.

बटणचा दोर बांधायला त्याने तंबूच्या बाजूला एक वेगळी खुंटी ठोकली. ताईने विचारलं, "पक्की आहे ना?"

"हत्ती बांध हवं तर."

दिवसभर तिने डोळ्यांत तेल घालून राखण केली. बटणचा दोर तंबूच्या दोऱ्यांत गुंतला की सोडवायचा, स्टोव्हजवळ गेलं की मागे ओढायचं, बोरूत नाक खुपसून आलं की कानामागे बोटं फिरवून गोचीड बघायची. एक घार खरंच वर घिरट्या घालत होती. ताई छत्री उघडून बटणवर धरून बसली. शेजारच्या तंबूतल्या जोडप्याला हसू आवरेना. धाकटा तर हसता हसता खोकायला लागला, आणि खोकला थांबेपर्यंत कोणालाच हसू उरलं नाही.

त्याच जोडप्याचं एक दांडगं कुत्रं होतं. स्वभावाने गरीब, पण वासराएवढं. सूर्य झाडांमागे उतरत असताना ते त्यांच्या हातून सुटलं आणि खेळायच्या नादात सरळ बटणच्या अंगावर आलं. ताई डबे विसळत होती. तिला केंकाटणं ऐकू आलं आणि वळेपर्यंत खुंटी लोण्यातून सुरी निघावी तशी जमिनीतून निघाली होती. बटण पळत होतं, मागून दोर, दोराच्या टोकाला उड्या मारणारी खुंटी, आणि त्या आवाजाला भिऊन ते आणखी जोरात पळत होतं. बघता बघता बोरूत दिसेनासं झालं.

"बटण! ए बटण!" ताई काठाने धावत सुटली. आयुष्यात तिने त्या कुत्र्याला इतक्या वेळा नावाने हाक मारली नव्हती. उजेड भराभर कमी होत होता. बोरूची पाती हाताला कापत होती. पाणी किती खोल आहे ते कळत नव्हतं. मग समोरून कुठूनतरी बारीक कुंई ऐकू आली, आणि तिच्या जिवात जीव आला. ती त्या दिशेला वळली, तेवढ्यात मागे काहीतरी पडल्याचा आवाज झाला.

धाकटा तिच्या मागोमाग आला होता. पायवाटेवर बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून. ओठ जांभळे पडले होते. श्वास आत घेताना गळ्याखाली खड्डा पडत होता. शब्द फुटत नव्हता.

ताई त्याच्याकडे धावली. त्याने मान हलवली. हाताने बोरूकडे दाखवलं. ती तरी जवळ आली, त्याचा श्वासाचा पंप शोधायला त्याच्या खिशात हात घालू लागली, तर त्याने तिला ढकललं. ज्या मुलाला तिने नाडी बांधायला शिकवली, त्याने तिला दोन्ही हातांनी ढकललं आणि पुन्हा बोरूकडे बोट केलं. डोळ्यांत पाणी होतं, आणि राग.

"मरू दे ते कुत्रं!" ताई ओरडली. पंप तिला सापडला. तो तिने त्याच्या तोंडात धरला, श्वास थोडा आत जातोय असं दिसल्यावर त्याच्या हातात दिला, आणि मग पाण्यात शिरली. बटण पोटापर्यंत पाण्यात उभं होतं. खुंटी बोरूच्या मुळांत अडकली होती, म्हणून ते पुढे खोल पाण्यात गेलं नव्हतं. तिने खुंटी ओढून काढली आणि त्याला उचलून ब्लाउजशी घट्ट धरलं. त्याचं काळीज इतकं जोरात उडत होतं की कोणाचं उडतंय ते तिला कळेना.

शेजारच्या जोडप्याने धाकट्याला धरून तंबूपर्यंत आणलं. ते माफी मागत राहिले. खुंटी अजून ताईच्या हातात होती. ती जिथून निघाली होती ते जमिनीतलं भोक तिने चाचपून पाहिलं, जेमतेम बोटभर खोल होतं.

सकाळी धुकं होतं. धाकटा स्लीपिंग बॅगमध्ये पाठीशी पिशव्या रचून बसला होता, बटण त्याच्या मांडीवर. ताईने त्याच्या हातात चहा दिला.

"हत्ती बांध म्हणालास," ती म्हणाली.

"दोन घाव घातले. पुढे हातच उचलेना."

"मग सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर तू तंबूच गुंडाळला असतास." त्याने थांबून श्वास घेतला. "ताई, तुला माझ्यासाठी नाही आणलं. याला तुझी सवय व्हावी म्हणून आणलं. काल छत्री धरून बसलीस ना, तेव्हाच विचारायचं ठरवलं. माझ्यामागे याला तू घेशील ना?"

ताई डबे आवरायला लागली. "सकाळी सकाळी अभद्र बोलू नकोस. चहा निवतोय."

त्याने पुन्हा विचारलं नाही.

पानगळ सुरू व्हायच्या आत त्याला दवाखान्यात ठेवावं लागलं. बटण ताईकडे आलं. घरमालकीण कुरकुरली, तर ताईने तिला असं काही सुनावलं की जिन्यातले सगळे दरवाजे उघडले. काम सुटलं की ती दवाखान्यात जायची आणि मास्क लावलेल्या धाकट्याला बटणची खबर द्यायची. आज जेवलं, आज चप्पल कुरतडली. आणि दरवेळी निघताना म्हणायची, "लवकर घरी ये आणि तुझं कुत्रं तूच सांभाळ. मला नाही जमत हे. मी याला ठेवणार नाही हं, सांगून ठेवते."

असं म्हटलं की तो येईल, असं तिला वाटायचं. लहानपणी खेळून घरी यायला उशीर झाला की ती खिडकीतून ओरडायची, "आता दार लावते हं!" की तो धापा टाकत यायचा. मास्कच्या आत तो हसायचा. शेवटच्या दिवशी हसला की नाही ते तिला सांगता आलं नाही, कारण मास्कवर आतून त्याच्या श्वासाची वाफ होती.

धाकटा गेल्यावर बटणला ती कारखान्यात घेऊन यायची. ते टेबलाखाली प्लास्टरच्या पोत्यावर झोपायचं. मालकाने पाहून न पाहिल्यासारखं केलं. एका दुपारी मेणात दात बसवता बसवता तिचे हात थांबले.

"घेईन म्हणायला माझं काय जात होतं गं?" ती मैत्रिणीला म्हणाली. "एक शब्द. त्याने तोंडाने मागितला होता."

मैत्रिणीने चाक बंद केलं. "घेतलंस की त्याला. इथेच तर झोपलंय."

"घेतलं. पण धाकट्याच्या कानांवर काय पडलं? नाही ठेवणार. रोज तेच."

मैत्रिणीने पाण्याचा पेला ताईपुढे सरकवला. खाली बटणने कूस बदलली. ताईने दिवा बारीक केला, मेणातला दात काढला आणि पुन्हा बसवला. तो सरळ बसायला त्या दिवशी फार वेळ लागला.