नाणी काढणारं मशीन आणि ह्यांचा कान

आधीच सांगते, मला ह्यातलं काही कळत नाही. मी टपाल कचेरीत खिडकीवर बसते. समोरचा माणूस पार्सल ठेवतो, मी वजन करते, तिकिटं चिकटवते आणि धाडकन शिक्का मारते. वस्तू इथून निघाली आणि तिथे पोचली, एवढं मला समजतं. त्यामुळे जावयाने ते लोखंडी खोकं आमच्या घरात आणून ठेवलं आणि "आई, हे घरबसल्या नाणी काढतं" म्हणाला, तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला तो हाच, की कुठून काढतं?

"नेटवरून."

"कोणाची?"

"कोणाचीच नाही. नवीन तयार होतात. हे मशीन आणि जगभरातली अशी लाखो मशीनं मिळून एक आकडा शोधत असतात. ज्याला सापडला त्याला नाणी."

"आणि आपल्याला नाही सापडला तर?"

"आपल्याला एकट्याला सापडणारच नाही, आई. म्हणून तर आपण पूलमध्ये आहोत. हजारो जणांनी मिळून शोधायचं, कोणालाही सापडला तरी ज्याची जेवढी मेहनत तेवढं वाटून घ्यायचं."

मी मान हलवली. कळलं म्हणून नाही. पोरगं तीन मजले ते धूड उचलून आलं होतं, घामाघूम झालं होतं, म्हणून.

आता आमच्या ह्यांच्याबद्दल. हे पियानो लावतात. म्हणजे सुरात लावतात. वाजवून दाखवा म्हटलं तर दोन ओळींपुढे गाडी जात नाही, पण लावण्यात ह्यांचा हात धरणारा कोणी नाही. पियानोत बहुतेक सुरांना तीन तीन तारा असतात. तिन्ही सारख्या ताणलेल्या असल्या की आवाज सरळ येतो. एक जरी केसभर ढिली असली की आवाजात लाट उठते, वाव-वाव-वाव अशी. हे तारांमध्ये जाड कापडाची पट्टी खुपसून एकीला गप्प करतात, चावीने दुसरीला पिळतात, आणि लाट थांबली की हात थांबवतात. मला विचाराल तर ती लाट मला आजतागायत ऐकू आलेली नाही. लग्नानंतर पहिली दोन वर्षं मी नुसतं "हो हो, आली" म्हणायचे. मग एकदा पकडली गेले.

एका संगीत शाळेचे अकरा पियानो ह्यांच्याकडे आहेत, सव्वीस वर्षं झाली. बाकीची कामं येतात-जातात, पण आमचं घर उभं राहिलं ते त्या अकरांवर. आणि नुसतं घरच नाही. शाळेच्या दारातून आत जाताना ह्यांची पाठ कशी ताठ होते ते मी पाहिलंय. एरवी घरात पोक काढून बसणारा माणूस!

गेल्या वर्षी कानाच्या डॉक्टरांनी एक कागद हातात दिला. त्यावरची रेघ सरळ जात जात शेवटी घसरगुंडीसारखी खाली आली होती. "वयाप्रमाणे आहे," डॉक्टर म्हणाले. वयाप्रमाणे! माझ्या खिडकीवर वयाप्रमाणे चालतं हो. ऐकू आलं नाही तर मी "काय?" म्हणून ओरडते. ह्यांनी तारेला "काय?" विचारायचं का? घरी आल्यावर हे एवढंच म्हणाले, "कान लागणार नाही असं काहीतरी बघायला हवं." आणि दोन आठवड्यांत जावई खोकं घेऊन दारात. मग हे नाही कशाला म्हणतील?

मशीन ह्यांच्या कामाच्या खोलीत बसवलं. एसीसाठी ओढलेली जाड वायर तिथेच होती आणि एसी काही कधी घेतला गेला नाही. खोलीत आधीच एक जुना उभा पियानो उघडा पडलेला, आतड्यांसकट. त्याच्या शेजारी स्टुलावर हे नवीन पाहुणे. जावयाने बटण दाबलं आणि मी अक्षरशः किंचाळले. खानावळीतला मोठा मिक्सर चालू करून कोणीतरी गावाला निघून जावं, तसा तो आवाज. आणि मागून गरम हवेचा झोत! ती खोली महिन्याभरात अशी तापली की मी ओल्या चादरी तिथे वाळत घालायला लागले. अर्ध्या तासात कडकडीत. म्हटलं, चला, हा एक तरी फायदा.

बाकी फायद्याचं माझ्या डोक्यात काही शिरेना. मोबाइलवर कमाई दिसायची ती अशी: शून्य, टिंब, मग शून्यांची रांग, आणि सगळ्यांत शेवटी दबकत उभे असलेले दोन-तीन आकडे. विजेचं बिल मात्र टिंबाबिंबाच्या भानगडीत न पडता सरळ आलं. मी दोन्ही समोर ठेवून जावयाला फोन लावला.

"आई, आजच्या भावाने बघायचंच नाही. साठवून ठेवायचं. भाव वाढला की बघा."

"आणि हे मिळणं तर मागच्या महिन्यापेक्षा कमी झालंय. मशीन तेच, वीज तेवढीच."

"मशीनं वाढली जगात. मशीनं वाढली की आकडा जास्त अवघड होतो."

"म्हणजे जितके जास्त लोक राबतील तितकं प्रत्येकाला कमी?"

"हो."

"मग लोक राबतात कशाला?"

"भाव वाढेल म्हणून."

"आणि नाही वाढला तर?"

"आई, तुम्ही फार निगेटिव्ह बोलता हं."

मी फोन ठेवला आणि कपाळाला हात लावून बसले. बरं, पोरगं लबाड नाही. स्वतःच्या घरीही एक मशीन लावून बसलंय, त्याच्या न्हाणीघरात. माझी मुलगी रोज त्या घरघराटात अंघोळ करते. नव्याने शिरणाऱ्याला हे परवडतं का, असं त्यालाच विचारलं तर तो म्हणतो, "विजेवर आहे." विजेवाल्यांना विचारावं तर ते बिल पाठवतात.

ह्यांना मात्र कमाईशी काही घेणंदेणंच नव्हतं. ह्यांची तक्रार वेगळीच. तिसऱ्या दिवशी खोलीतून बाहेर येऊन मला म्हणाले, "काळी दोनच्या जरा वर आहे."

"काय?"

"मशीन. पंख्यांचा सूर. काळी दोनवर असता तरी चाललं असतं. हे ना धड काळी दोन, ना पुढचा सूर. मधेच लोंबकळतंय."

दुसरी काळी पट्टी म्हणजे काळी दोन, एवढं मला इतक्या वर्षांत कळलंय. मी म्हटलं, "लोंबकळू दे." पण ऐकतील तर शपथ! दाताला धागा अडकलेल्या माणसासारखे हे दिवसभर अस्वस्थ. शेवटी चष्मा लावून, मोबाइलवर ते मशीनचं पान उघडून, पंख्यांचा वेग कुठे कमी करता येतो ते शोधून काढलं. बसले मग कान लावून, थोडं कमी, अजून थोडं कमी. अचूक काळी दोन लागली तेव्हा बाहेर येऊन चहा मागितला. चेहरा असा, की नाणी गेली खड्ड्यात.

आठवड्याने जावई धावत आला. मशीन आतून तापत होतं, तापलं की जपून चालत होतं, आणि आधीच मुंगीएवढी असलेली कमाई आणखी आटली होती. "बाबा, पंखे कमी केले कोणी?"

"मी."

"का?"

"सुरात नव्हते."

जावयाने माझ्याकडे बघितलं. मला हसू आवरेना. पदर तोंडात धरून मी स्वयंपाकघरात पळाले. त्याने पंखे पुन्हा वाढवून दिले, आणि तो जिना उतरतो न उतरतो तोच ह्यांनी परत काळी दोनवर आणले.

इथपर्यंत सगळी गंमतच होती. मग शाळेतून मुख्य बाईंचा फोन आला.

बाई बोलायला गोड. तीन पियानो ह्या महिन्यात लावले, तिन्ही बरोबर वाटत नाहीत, म्हणाल्या. "मुलांच्याही लक्षात येतंय हो. पुढच्या आठवड्यात परीक्षक बाहेरून येणार आहेत. शनिवारी पुन्हा एकदा या, मी स्वतः बाजूला बसते." सव्वीस वर्षांत बाजूला कोणी बसलं नव्हतं. हे "बरं" म्हणाले आणि फोन माझ्या हातात देऊन खोलीत गेले. दार लावून घेतलं.

मी फोन खाली ठेवला. कान गेला म्हणायचा का? मग एकदम लख्ख उजेड पडला. अगं बाई, कान कशाला, ते मशीन! दिवसभर तो एकच सूर कानात भणभणतोय. मी पाच मिनिटं चादरी घालून बाहेर आले तरी माझ्या कानात घूं घूं राहतं, मग हळूहळू विरतं. हा माणूस तर तिथेच बसून काम करतो, मग लाट कुठून ऐकू येणार? मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! दोषी सापडला होता. शिवाय तो मला आधीपासूनच आवडत नव्हता.

"अहो, दोन दिवस बंद ठेवू ते," मी म्हटलं. "कानाला विसावा द्या. मग इथलाच पियानो लावून बघा. बघा कसं सरळ होतं सगळं."

"नको."

"का नको?"

"पूलमधला हिस्सा जातो."

मी बघतच राहिले. ज्या माणसाने सुरासाठी कमाईवर पाणी सोडलं, तो आता हिश्शाच्या गोष्टी करतोय?

"जाऊ दे ना गेला तर! किती जाणार? शून्य टिंब शून्य शून्य..."

"सारखं बंद-चालू केलं की खराब होतं ते."

"कोण म्हणालं?"

"म्हणतात."

"कोण म्हणतात?"

"तुला त्यातलं कळत नाही," हे म्हणाले. ते खरंच होतं. पण कळेना ते मशीनबद्दल नव्हे, ह्यांच्याबद्दल. तीस वर्षं ज्याच्याबरोबर काढली तो माणूस कधी खोटं बोलत नाही, आणि बोललाच तर इतकं वाईट बोलतो. मी दोन दिवस ह्याच विचारात. कचेरीत एका बाईचं पार्सल दोनदा तोललं, दोनदा वेगळं वजन सांगितलं.

गुरुवारी दुपारी मी सुट्टी टाकली. हे जाड कापड आणायला बाजारात गेले आणि मी खोलीत शिरले. म्हटलं, आता विचारायचं नाही, करायचंच. प्लग ओढला. पंखे रेंगाळत रेंगाळत थांबले. माझ्या कानात थोडा वेळ घूं घूं राहिलं आणि गेलं. मग एवढी शांतता झाली की शेजारच्यांच्या नळाचं पाणी ऐकू यायला लागलं. किती महिन्यांनी! मला वाटलं, हे आत येतील, थबकतील, रागावतील, मग पियानोशी बसतील, आणि शनिवारी पाठ ताठ करून शाळेत जातील. मी चहाचं आधणही ठेवलं.

तासाभराने हे आले. चपला काढल्या, कापडाची गुंडाळी टेबलावर ठेवली, बाहेरच्या खोलीत खुर्चीत बसले. मी थांबले. आत्ता म्हणतील, आत्ता म्हणतील.

"अगं," हे मोठ्याने म्हणाले, मशीनच्या आवाजात ओरडून बोलायची आम्हाला सवय लागली होती तसंच, "ते दार ओढून घे जरा. आज जास्तच भणभणतंय."

माझ्या हातातली गाळणी तशीच राहिली. दार सताड उघडं होतं. आत चिटपाखरूही बोलत नव्हतं.

"अहो," मी म्हटलं, आणि का म्हटलं म्हणून अजून स्वतःला बोल लावते, "ते बंद आहे. केव्हाचं."

हे उठून खोलीत गेले. मीही मागे गेले. ह्यांनी मशीनच्या मागे, जिथून गरम हवा यायची तिथे, तळहात धरला. मग पत्र्यावर ठेवला. गार होता. हात तिथेच ठेवून हे बराच वेळ उभे राहिले. 

"मला वाटलंच होतं," हे म्हणाले.

"अहो, आपण दुसऱ्या डॉक्टरांना..."

"शाळेत फोन तू कर. मला नाही जमायचं. बाईंना सांग, शनिवारी येत नाही. नवीन कोणीतरी बघा म्हणावं."

"बरं," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

हे खुर्ची ओढून पियानोसमोर बसले, पण हात मांडीवरच. "आणि ते लाव परत."

"कशाला आता? काय मिळतंय त्यातून?"

"ते चालू असलं ना," हे म्हणाले, "की आवाज त्याचा असतो."

जावयाला मी उभं-आडवं घेतलं होतं, बिलं नाचवली होती, महिनाभर सगळ्या बिल्डिंगला सांगत सुटले होते की हा पैशांचा चुराडा आहे. मी खाली वाकले, प्लग भिंतीत घातला आणि पंखे वेग घेईपर्यंत ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिले.